उकरून पाहणारे आबा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, पेरलेलं बी उकरून पाहायचे. पेरणी झाली की दोन-तीन दिवसांनी खुरपं घेऊन शेतात उकिडवे बसायचे आणि बोटानं माती सारून एखादा दाणा वर काढायचे. कोंब फुटला का, दाणा कुजला तर नाही ना, हे सगळं पाहून झालं की तो परत मातीत ठेवून द्यायचे. असे उकरलेले दाणे पुष्कळदा उगवायचे नाहीत. मग ती मोकळी जागा दाखवून आबा म्हणायचे, "पाह्य, मले शंका आलीच होती." गावात त्यांना उकऱ्या आबा म्हणत. तोंडावर नाही, पण कोण कोण म्हणतं याचा आबांनी छडा लावलेला होता.

स्वभावानं माणूस वाईट नव्हता. कुणाला तंबाखूची सवय असते तशी त्यांना शंकेची होती, आणि तंबाखूचीही होती. दूध आलं की करंगळी बुडवून थेंब नखावर धरायचे. लग्नाची पत्रिका आली की ती उलटीपालटी करून विचारायचे, "हा आपल्याले काहून बोलावून राह्यला?" सासूबाई वैतागून म्हणायच्या, "तुमाले तं देवाच्या परसादातबी खडा दिसते." आबा शांतपणे म्हणायचे, "असते म्हणून दिसते."

मी लग्न होऊन आले तेव्हा मी फार कमी बोलायचे. आजही तशीच आहे. पण आबांना त्याचीही शंका आली. मी चुलीपाशी भाकरी थापत असताना ते सासूबाईंना बाहेर ओट्यावर म्हणाले, "ही पोरगी बोलत काहून नाही? काही लपवते का?" पुढे कितीतरी महिने मी कुठून येते, कुठे जाते, हे ते ओट्यावरून पाहत असायचे. मग एक दिवस स्वतःच सासूबाईंना म्हणाले, "हिच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही." त्या घरात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. आबांच्या तोंडून अशी शाबासकी माझ्याशिवाय कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

खत आणायला आबा बुऱ्हाणपूरला स्वतः जायचे. दुकानदार त्यांना पाहिलं की नोकराला सांगायचा, "पोतं खोल, आबा आले." आबा पोत्याच्या कोपऱ्यातून डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्यायचे, तंबाखूच्या डबीतला चुना त्यावर लावायचे आणि अंगठ्यानं चोळायचे, अगदी तंबाखू मळावी तसे. मग हात नाकाशी न्यायचे. खरं डीएपी असेल तर चुन्यानं असा उग्र वास सुटतो की डोळ्यात पाणी येतं. आबांच्या डोळ्यात पाणी आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "असली हाय," म्हणायचे. प्रत्येक पोत्याचा असा वास घेऊन मगच ते पोतं शिवू द्यायचे.

आमचं शेत दापोऱ्याच्या अलीकडे आहे. वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला शेजाऱ्याचा बांध. एका वर्षी आबांनी मक्याला युरिया फेकला आणि वरून पाणी सोडलं. पाणी बांध फोडून शेजाऱ्याकडे गेलं. थोड्या दिवसांनी शेजाऱ्याच्या पहिल्या काही ओळी काळ्याभोर हिरव्या झाल्या, आणि शेजारी आबांना बांधावरून हसून म्हणाला, "आबा, तुमच्या किरपेनं यंदा खताचा खर्च वाचला." आबा त्या दिवशी जेवले नाहीत. शेजाऱ्यानं बांध मुद्दाम फोडला अशी त्यांना खात्रीच झाली. आणि खत पाण्याबरोबर चालतं, ते चालत दुसऱ्याच्या घरी जातं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी रुतली की ती निघालीच नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत जायला सक्त मनाई केली होती. माझे मिस्टर बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर जातात, त्यांना सुट्टी नाही. मक्याची पेरणी तर दारात आलेली. म्हणून मी माहेराहून, खकनारहून, माझ्या धाकट्या भावाला, संतोषला बोलावलं. आबांच्या नजरेआड त्यांच्या शेतात दुसऱ्या कुणी पेरणी करण्याची ती पहिलीच वेळ होती.

आबा खाटेवर डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसले होते. संतोषला त्यांनी समोर बसवून घेतलं. म्हणाले, "डीएपी ओळीत पेरायचं नाही. सगळं वरच्या अंगाला टाकायचं, सरीच्या तोंडाशी. तिथंच मातीत दाबायचं. पाणी सोडलं की ते सरीनं हळूहळू खाली येईल, झाडं वाटेत खात राहतील, अन् बांधापर्यंत काहीच उरणार नाही. समजलं?"

संतोष म्हणाला, "आबा, आमच्याकडं तं बियाच्या बाजूनं पेरतात."

"तुमच्याकडं तुमचा शेजारी हाय. आमच्याकडं आमचा हाय."

संतोष हसला आणि सांगितलं तसं करून आला. खताची सगळी पोती त्यानं सऱ्यांच्या तोंडाशी दाबली. रिकामी पोती झटकून घरी आणून ठेवली. आबांनी तीही हातानं चाचपून पाहिली.

मका उगवला तेव्हा चांगला दिसत होता. मग थंडी वाढली, आणि हळूहळू पानांच्या कडा जांभळ्या व्हायला लागल्या. आबांची पट्टी निघाली तोपर्यंत सगळ्या शेतावर तो जांभळा रंग चढला होता. रोपं वितीएवढीच राहिली होती. प्रत्येक ओळीत सरीच्या तोंडाजवळची थोडीशी झाडं मात्र हिरवीगार आणि उंच होती. वरून पाहिलं तर वाटायचं, कुणी शेताला नुसता हिरवा काठ लावून ठेवलाय.

आबा बांधावर उभे राहून एकेक हिशेब मांडायला लागले. माल खोटा म्हणावा, तर त्यांनी ऑपरेशनआधी स्वतः चुना लावून पाहिलेला. शेजारी म्हणावा, तर बांध शाबूत. पाणी म्हणावं, तर सऱ्या ओल्या. एक एक नाव पुसत पुसत शेवटी एकच उरलं.

संतोष त्या दिवशी आमच्याकडेच होता, दुसरं पाणी द्यायला आलेला. जेवायला बसला होता. आबा दारातून आत आले, चपला न काढता. म्हणाले, "तोंडाशी दाखवायपुरतं टाकलं. बाकीची पोती कोठी गेली रे?"

संतोषला आधी कळलंच नाही. "कोणती पोती?"

"भरलेली. रिकामी तं मले दाखवली तू. खत कोणाले विकलं?"

सासूबाई म्हणाल्या, "अहो, जेवू तं द्या पोराले."

"जेवू दे. आपलंच खाऊन राह्यला."

संतोषनं हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं, पण मोठ्या माणसांसमोर माझा आवाज तेव्हाही फुटत नव्हता. तो हात धुऊन उठला आणि एवढंच म्हणाला, "आबा, मी तुमच्या नजरेसमोर नव्हतो, हीच माही चोरी." पिशवी घेतली आणि निघून गेला. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गावात आणि चौथ्या दिवशी खकनारला पोचली. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "ताई, आपला संतोष चोर हाय का गं?" आणि फोन ठेवून दिला.

एका घरात राहिलं की सर्दीसारखी शंकाही लागते. एकदा भांडी घासताना माझ्याच मनात आलं, संतोषच्या हातात नवा मोबाईल होता, तो कुठून आला? तो विचार मी राखेसारखा पाण्याबरोबर सोडून दिला. पण तो आला होता एवढं खरं.

पुढच्या आठवड्यात गावात सरकारी कृषी खात्याच्या मॅडम आल्या. तरुण होत्या, बोलताना मराठीत हिंदी मिसळायच्या. त्यांनी आमचा मका पाहिला, एक रोप उपटलं, माती मुठीत घेतली. म्हणाल्या, "दादाजी, हे डीएपीतलं स्फुरद आहे ना, ते युरियासारखं पाण्यासंग चालत नाही. जिथं टाकलं तिथंच बसतं. तुमच्या काळ्या मातीत चुना बहुत आहे, तो त्याला धरून ठेवतो. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. केसासारखी बारीक मुळं असतात, मुळांवर बुरशीचे धागे असतात, ते जाऊन घेऊन येतात. आणि थंडीत मुळं सुस्त होतात. म्हणून पानं जांभळी."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मॅडम गेल्यावर म्हणाले, "बुरशी म्हणते. म्हंजे आमच्या शेतात बुरशी सोडायले आली होती." मग विचारलं, "ही राहते कोठी?" कुणीतरी सांगितलं की मॅडमची खोली खकनारला आहे. आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "तरी मी म्हणो."

पण शंकेखोर माणसाला कुणाच्याच शब्दावर स्वस्थ बसवत नाही, स्वतःच्याही नाही. दोन दिवसांनी आबांनी गोठ्यातली रिकामी गव्हाण झाडून काढली. बैल विकल्यापासून ती तशीच पडून होती, विटांची, लांबलचक. सासूबाई म्हणाल्या, "परसातली माती भरा ना, जवळ हाय." आबा म्हणाले, "परसातली माती शेणाराखेची. ती खोटी साक्ष देईल." त्यांनी शेतातल्या जांभळ्या भागाची माती भाड्याच्या बैलगाडीनं मागवली आणि गव्हाण भरली. एका टोकाला डीएपी दाबलं. दुसऱ्या टोकाला पाणी जायला भोक पाडलं. मधे मक्याची एक ओळ लावली. पाणी फक्त खताच्या टोकानं सोडायचं, तेही त्यांनीच. गोठ्याच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं आणि कडीला काळा दोरा बांधला, कुणी दार उघडलंच तर कळावं म्हणून. तो दोरा कुणासाठी होता ते मला समजत होतं. घरात संतोषची बहीण एकच होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठ्याच्या जाळीपलीकडे ती गव्हाण दिसायची. सगळी रोपं हिरवी झाली तर खत पाण्याबरोबर चाललं, म्हणजे आबांचं खरं आणि माझा भाऊ चोर. लांबची रोपं जांभळी झाली तर तो सुटला. मी शेतकऱ्याची मुलगी, शेतकऱ्याची सून. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळणारी बाई. आणि मी रोज सकाळी चहाचं आधण ठेवून देवाला म्हणायचे, ती लांबची रोपं बिघडू दे.

ती बिघडेनात. सगळी ओळ सारखीच हिरवी वर आली. आबा पाणी घालून बाहेर यायचे, दोरा बांधायचे आणि माझ्याकडे न पाहता जायचे. माझ्या हातून त्या दिवसांत दोनदा भाकरी करपली. मग मॅडम परत गावात आल्या तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवलं. पदर तोंडाशी धरून विचारलं, "सगळी हिरवीच का?" त्या म्हणाल्या, "दाण्याच्या पोटात सुरुवातीची शिदोरी असते, वहिनी. ती संपू द्या."

शिदोरी संपली. एका सकाळी शेवटच्या रोपाच्या पानाला साडीच्या जांभळ्या काठासारखी रेघ दिसली. मला वाटलं, उन्हाची तिरीप असेल. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या रोपावर होती. आठवडाभरात खताजवळची झाडं सोडून सगळी ओळ जांभळी झाली आणि तिथेच खुंटली. मी खिडकीत उभी राहून रडले, आणि सासूबाईंना सांगितलं की कांदा चिरत होते.

आबा म्हणाले, "थंडीनं झालं असन." मग स्वतःच म्हणाले, "पण थंडी तं सगळ्यांलेच हाय." मग त्यांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. गव्हाणीची एका बाजूची विटांची भिंत पाडली आणि तांब्यातांब्यानं पाणी सोडत माती धुऊन काढली. सबंध सकाळ गेली. मला हाक मारली, "सूनबाई, तांब्या भरून दे." मी जवळ बसून पाहिलं. खताच्या टोकाला झाडांच्या मुळांचं दाट जाळं झालं होतं. त्याच्या पलीकडचं एक रोप होतं, बाकीच्यांपेक्षा जरा बरं. त्याचं एकच लांब मूळ खतापर्यंत पोचलेलं होतं, आणि पोचलं तिथं त्याला दाढीसारखा झुपका फुटला होता. त्याच्यापुढची सगळी मुळं बारीक, केविलवाणी. आबांनी ते मूळ तळहातावर घेतलं. म्हणाले, "खत नाही चाललं. मूळ चाललं."

एवढंच. माझ्या भावाचं नाव नाही. शंका खरी ठरली की गावभर सांगणारा माणूस त्या दिवसापासून मुका झाला. होळी गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. दरवर्षी संतोष आदल्या दिवशीच यायचा. त्या वर्षी कुणी आलं नाही. आजूबाजूच्या सुना निघून गेल्या. मी भांडी घासत बसले होते. आबा मागे येऊन उभे राहिले. "आवर. बस चुकन."

सासूबाई म्हणाल्या, "सासरा कोठी मुराळी असते का?"

"यंदा हाय."

खकनारला आमच्या गल्लीत कडुलिंबाला झोका बांधलेला होता, बायका जमलेल्या. आबांना पाहून गाणं थांबलं. आईनं पाणी दिलं, पण बोलली नाही. संतोष आतून बाहेर येईना. आबा ओट्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संतोषनं खत मी सांगतलं तिथंच टाकलं होतं. सगळंच टाकलं होतं. मी चोर म्हटलं, ते खोटं होतं." पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेलं वाळकं मूळ काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

संतोष दारात आला. "नीट उकरून पाह्यलं ना, आबा? नाही तं उद्या परत शंका येईल."

बायका हसल्या. आबा हसले नाहीत. "पाह्यलं. आता उकरण्यासारखं काही राह्यलं नाही."

"म्हंजे मका तुमच्या सांगण्यानं मेला."

"हो," आबा म्हणाले. त्यांच्या 'हो'पुढे 'पण' आला नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संतोष ओट्यावर टेकला, मूळ हातात घेऊन पाहायला लागला. थोड्या वेळानं दोघांची डोकी त्याच्यावर वाकलेली होती. आबा मला तिथे सोडून संध्याकाळच्या बसनं एकटेच परत गेले.

त्यानंतर संतोष परत आमच्या शेतात यायला लागला, पण त्यानं एक अट घातली. आबा समोर उभे असले तरच तो खताच्या पोत्याची सुतळी तोडायचा. आबा म्हणायचे, "टाक ना रे, मले घरी काम हाय." संतोष पोत्याला टेकून बसायचा. "माह्याकडे येळ हाय, आबा. तुमचं काम होऊ द्या." मग आबा डोक्याला उपरणं गुंडाळून उन्हात उभे राहायचे. खत आता बियाच्या बाजूनं, चार बोटं अंतरावर पडायचं. आबा कधी दुसरीकडे पाहायला लागले की संतोष हात थांबवायचा. "आबा, इकडं." आबा निमूट मान वळवायचे. हे प्रत्येक पेरणीला झालं. त्यातली चेष्टा किती आणि दुखणं किती, हे मी संतोषला कधी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. शेवटच्या आजारातही त्यांनी डॉक्टरांवर शंका घेतली, गोळ्यांवर घेतली, सलाईनच्या बाटलीवर घेतली. संतोष भेटायला आला तेव्हा त्याला म्हणाले, "मक्याले येशील ना?" तो म्हणाला, "तुम्ही उभं राहसान तं येईन." आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

यंदा मक्याच्या पेरणीला संतोष आला. पोतं बांधावर ठेवलं, खिशातून चाकू काढला, सुतळीला लावला आणि थांबला. आजूबाजूला पाहिलं. शेतात आम्ही दोघंच होतो. मला वाटलं आता तो तोडेल, त्याला बघणारं कुणी राहिलं नाही. पण तो तसाच बसला. मान खाली घालूनच म्हणाला, "ताई, तू उभी राह्य."

मी आबा उभे राहायचे त्या जागी जाऊन उभी राहिले. त्यानं सुतळी तोडली. ऊन कलेपर्यंत मी तिथून हलले नाही. त्याच्या हाताकडे मात्र मी एकदाही पाहिलं नाही.